दुनळी बंदूक, जुनी : काडतुसांची निवड

दोन गुळगुळीत नळ्या शेजारीशेजारी जोडलेल्या, बिजागरीवर मोडून मागील बाजूने भरावयाच्या छऱ्यांच्या बंदुकीस दुनळी बंदूक म्हणतात. महाराष्ट्रात जुने संस्थानिक, इनामदार व कोकणातील खोत यांच्या घराण्यांत वारसाहक्काने आलेल्या अशा बंदुका अद्याप आढळतात. त्यांपैकी बऱ्याच इंग्लंडमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅम व लंडन येथे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किंवा त्याआधी तयार झालेल्या आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शिकारीचा काळ संपला. तथापि स्वसंरक्षण, पीकरक्षण व नेमबाजी यांसाठी परवान्यावर या बंदुका बाळगल्या जातात. बंदूक शंभर वर्षांपूर्वीची आणि काडतूस मात्र आजचे, या विजोडपणातून नळी फुटून बोटे किंवा डोळा गमावण्याचा धोका उद्भवतो. काडतूस कोठीत सहज बसले म्हणजे ते त्या बंदुकीस योग्य ठरले, ही समजूत चुकीची आहे.

बोअर : एक पौंड शिशाच्या जितक्या समान गोळ्या होतील, त्यांपैकी एका गोळीच्या व्यासाएवढा नळीचा व्यास असल्यास तो आकडा त्या नळीचा बोअर होय. त्यामुळे आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. १२ बोअरचा व्यास सु. १८·५ मिमी., १६ बोअरचा सु. १६·८ मिमी. व २० बोअरचा सु. १५·६ मिमी. असतो. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत घातल्यास ते पुढे सरकून आत अडकते व मागून दिसत नाही. त्यामागे १२ बोअरचे काडतूस भरून चाप ओढल्यास नळी फुटते. म्हणून दोन बोअरांची काडतुसे एकाच पिशवीत वा पट्ट्यात कधीही ठेवू नयेत.

कोठीची लांबी : नळीच्या मागील टोकाचा, काडतूस सामावणारा रुंद भाग म्हणजे कोठी. कोठीपुढे नळी निमुळती होत मूळ व्यासास येते. जुन्या इंग्रजी १२ बोअर बंदुकांची कोठी बहुधा २ १/२ इंच (६५ मिमी.) असते, आजची बहुसंख्य काडतुसे २ ३/४ इंच (७० मिमी.) किंवा ३ इंच (७६ मिमी.) लांबीची असतात. ही लांबी बार झाल्यानंतर पूर्ण उलगडलेल्या नळकांड्याची असते. तोंडाशी घडी घातलेले ७० मिमी. काडतूस भरतेवेळी सु. ५८ मिमी.च भरते, त्यामुळे ते ६५ मिमी. कोठीत विनासायास बसते. बार होताच मात्र घडी उलगडून नळकांड्याचे तोंड निमुळत्या भागात शिरते, छर्रे व डाट यांची वाट अरुंद होते आणि वायूचा दाब वाढतो. म्हणून कोठीची लांबी जाणकार कारागिराकडून मापकाने मोजून घ्यावी. काडतुसावर छापलेली लांबी तीहून अधिक असू नये. काही कारखाने ६७ मिमी. लांबीची काडतुसे ६५ मिमी. कोठीसाठी योग्य म्हणून तयार करतात. अशी स्पष्ट नोंद खोक्यावर असेल तरच तो अपवाद मानावा.

चाचणीमुद्रा : बंदूक विक्रीस जाण्यापूर्वी नळ्यांची जादा दाबाने चाचणी घेऊन त्यांवर मुद्रा उमटवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये जुनी आहे. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. नळ्या सुट्या केल्यावर त्यांच्या तळाच्या सपाट भागावर या मुद्रा दिसतात. काळ्या दारूपुरतीच चाचणी झालेल्या नळीत धूरहीन दारूचे काडतूस वापरू नये. त्यासाठी ‘नायट्रो प्रूफ’ ही मुद्रा आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक नळ्यांवर छऱ्यांचे कमाल वजन (उदा., १ १/८ औंस म्हणजे सु. ३२ ग्रॅ.) कोरलेले असते. १९२५ च्या नियमांपासून कोठीची लांबी आणि १९५४ पासून दर चौ. इंचास टनांत दाब नोंदवला जाऊ लागला. साधारणतः २ १/२ इंची कोठीस ३ टन, २ ३/४ इंची कोठीस ३ १/४ टन व ३ इंची कोठीस ४ टन आढळतात. ब्रिटन १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय चाचणी मंडळात सामील झाल्यानंतर दाब ‘बार’ या एककात येऊ लागला. टन व बार मोजण्याच्या पद्धती भिन्न असल्याने नुसत्या गुणाकाराने एकाचे दुसऱ्यात रूपांतर करू नये.

धक्का व दाब : खांद्यास बसणारा धक्का सौम्य असला म्हणजे काडतूस सौम्य, असा समज आहे. धक्का मुख्यतः छर्रे व दारू यांचे वजन आणि वेग यांवर, तर कोठीतील दाब दारू किती झपाट्याने जळते यावरही अवलंबून असतो. त्यामुळे २८ ग्रॅ. छऱ्यांचे वेगवान काडतूस ३२ ग्रॅ.च्या मंद काडतुसापेक्षा अधिक दाब देऊ शकते. जुन्या बंदुकीसाठी २८ ते ३० ग्रॅ. छर्रे आणि कारखान्याने जाहीर केलेला कमी दाब, अशा दोन्ही अटी पाहाव्यात.

छर्रे : इंग्रजी क्रमांकानुसार एका औंसात एल्‌जी छर्रे ६, एस्‌जी ८ व ६ क्रमांकाचे सु. २७० मावतात. मोठा छर्रा म्हणजे अधिक दाबाचे काडतूस असे नव्हे. छऱ्याचा आकार उद्देशानुसार आणि दाब बंदुकीनुसार ठरवावयाचा असतो. जुन्या पातळ नळ्यांत मऊ शिसे योग्य. पोलादी छर्रे चेपत नसल्याने नळीचे निमुळते तोंड, म्हणजे चोक, फुगण्याची वा चिरण्याची भीती असते. १८७५ ते १८८७ या काळातील चोक असलेल्या इंग्रजी नळ्यांवरील ‘नॉट फॉर बॉल’ या शब्दांचा अर्थ त्यांतून अखंड गोळी झाडू नये असा आहे.

नळीची स्थिती : चाचणीमुद्रा ही चाचणीच्या दिवसाची साक्ष असते. नंतरचा गंज, घासकाम व पोचे यांची नोंद तीत नसते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या दमास्कस नळ्यांत जोडांच्या आतही गंज लपलेला असू शकतो. उल्हास नदीच्या खोऱ्यातील कल्याण, विठ्ठलवाडी यांसारख्या दमट हवेच्या ठिकाणी वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या बंदुकीची भिंतजाडी व आतील खड्डे तपासल्याशिवाय ती वापरू नये. कागदी नळकांड्याची जुनी काडतुसेही पावसाळी हवेत फुगतात. ती ठोकून बसवणे धोक्याचे असते.

भारतात छऱ्यांची काडतुसे खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्था. १८६९) तयार होत आली आहेत, २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये काडतुसे परवान्यावरच मिळतात व परवान्याविना ती तयार करता येत नाहीत. दुकानात मिळणारे काडतूस आपल्या बंदुकीसाठी बनलेले असेलच असे नाही. म्हणून बोअर, कोठी, मुद्रा व नळीची सद्यःस्थिती या क्रमाने खात्री करून मगच निवड करावी. यांपैकी एकाही बाबतीत शंका उरल्यास बंदूक वारशाची वस्तू म्हणून जपावी. तिचा बार काढू नये.