मारबुर्गचा वाद

सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मसुधारणेची कथा बहुधा पोप आणि मार्टिन ल्यूथर यांच्यातील कलहाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु खुद्द सुधारकांच्या गोटात जी मोठी फूट पडली, तिच्या मुळाशी पोपचा अधिकार नव्हता की पापमोचनाची पत्रेही नव्हती. ती पडली 'आहे' या क्रियापदाच्या अर्थावरून.

१५२९ च्या एप्रिलमध्ये स्पायर येथील राजसभेत कॅथलिक बहुमताने सुधारणेला आळा घालणारा ठराव केला. काही राजांनी व १४ नगरांनी त्याविरुद्ध जाहीर निषेध नोंदविला. 'प्रोटेस्टंट' हे नाव त्या निषेधातूनच निघाले. बादशहा पाचवा चार्ल्स आज ना उद्या शस्त्र उपसणार, हे हेसचा तरुण अधिपती फिलिप ओळखून होता. जर्मन सुधारक आणि स्वित्झर्लंडमधील सुधारक एक झाले तरच निभाव लागेल, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याने विटेनबर्गहून ल्यूथर व मेलांक्थोन, झुरिकहून झ्विंग्ली आणि बाझेलहून एकोलाम्पाडियुस यांना मारबुर्गच्या आपल्या किल्ल्यात पाचारण केले. १ ऑक्टोबरला चर्चेस आरंभ झाला. पहिल्या दिवशी तापट ल्यूथरसमोर सौम्य एकोलाम्पाडियुस आणि तडफदार झ्विंग्लीसमोर शांत मेलांक्थोन अशा जोड्या लावण्यात आल्या. यजमानाचे हे चातुर्य कौतुकास्पदच होते.

वाद होता प्रभुभोजनाविषयी. शेवटच्या भोजनाच्या वेळी ख्रिस्ताने भाकरी मोडून शिष्यांना दिली आणि ती आपले शरीर आहे असे म्हटले. रोमन चर्चचे मत असे, की धर्मगुरूने ते शब्द उच्चारताच भाकरीचे मूळ द्रव्य पालटते, रूप व रस तेवढे भाकरीचे राहतात. हे मत दोघाही सुधारकांना अमान्य होते. मात्र ल्यूथरच्या मते भाकरी भाकरीच राहते आणि तरीही तिच्यात ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते. झ्विंग्लीच्या मते 'आहे' याचा अर्थ 'दर्शविते' एवढाच. हा अर्थ हून नावाच्या एका डच विधिज्ञाने पूर्वीच सुचविला होता.

आपल्याकडील साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ल्यूथर अभिधेवर अडून बसला होता आणि झ्विंग्ली लक्षणा मानीत होता. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले, तर तो प्रवाहावर नसून काठावर आहे हे कोणीही जाणतो. मुख्यार्थ जुळत नाही म्हणून आपण लक्ष्यार्थ घेतो. झ्विंग्लीचा युक्तिवाद नेमका हाच होता. ख्रिस्त सदेह स्वर्गात गेला, देह एका वेळी एकाच स्थळी असतो, तेव्हा तो हजारो वेदींवर कसा असेल? ल्यूथरचे उत्तर असे, की देवाचा उजवा हात हे काही मोजता येणारे स्थळ नव्हे. आणि मुख्यार्थ जुळत नाही हे ठरविणारी मानवी बुद्धी कोण? त्याने खडूने मेजावर ख्रिस्ताचे ते लॅटिन शब्द लिहिले, त्यांवर मखमली वस्त्र पसरले आणि प्रसंग येताच ते दूर सारून प्रतिपक्षाला शब्दच दाखविले.

याला नुसता हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. एका ठिकाणी शब्द बुद्धीपुढे वाकला, तर पापी माणसाला मिळालेल्या आश्वासनाचे कोणते वचन सुरक्षित राहील, ही ल्यूथरची भीती होती. उलट, जड वस्तूत कृपा साठवली की मूर्तिपूजा मागील दाराने परत येणार, ही झ्विंग्लीची भीती होती. दोघेही धर्म वाचवू पाहत होते.

त्यातच घामाच्या तापाची साथ पसरू लागल्याने परिषद आवरती घ्यावी लागली. ल्यूथरने लिहिलेल्या १५ कलमांपैकी १४ सर्वांना मान्य झाली. पंधराव्यातीलही बहुतेक भाग मान्य झाला. ख्रिस्ताचे शरीर भाकरीत प्रत्यक्ष असते की नाही, एवढेच उरले. विटेनबर्गच्या मंडळींशी ऐक्य व्हावे ही आपली मनापासूनची इच्छा असल्याचे झ्विंग्लीने अश्रू ढाळीत सांगितले. परंतु ल्यूथर त्यांना धर्मबंधू मानावयास तयार झाला नाही. त्यांचा आत्मा निराळा आहे, असे त्याने स्ट्रासबुर्गच्या ब्युत्सरला सुनावले.

१५३१ मध्ये प्रोटेस्टंट राजांचा श्माल्काल्डन संघ स्थापन झाला, तेव्हा झुरिक त्यात नव्हते. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला काप्पेलच्या रणांगणावर कॅथलिक परगण्यांशी लढताना झ्विंग्ली मारला गेला. १५५५ च्या आउग्सबुर्ग येथील तहाने ल्यूथरपंथीयांना मान्यता दिली. स्विस परंपरेतील पंथाला साम्राज्यात ती १६४८ पर्यंत मिळाली नाही. १८१७ मध्ये प्रशियाच्या राजाने आपल्या राज्यापुरते दोन्ही पंथ एकत्र आणण्याचा प्रयत्न केला, पण त्यालाही कडव्या ल्यूथरपंथीयांचा विरोध झाला. अखेर १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लॉयनबेर्ग येथे युरोपातील या चर्चांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या प्रभुभोजनात सहभागी होण्याचा करार सिद्ध केला, तेव्हा मारबुर्गच्या परिषदेला ४४४ वर्षे लोटली होती.