राखेखालचा विस्तव

फाल्गुनी पौर्णिमेस होळी कोठें रचावी, पुरणपोळीचा नैवेद्य केव्हां दाखवावा, याविषयीं पुण्यांतील घरोघरची वडील मंडळी दक्ष असतात. परंतु दुसऱ्या दिवशीं उरलेल्या राखेचें काय करावें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें खरा धोका तेथेंच आहे.

पेटलेली होळी सर्वांस दिसते, राखेखालचा निखारा दिसत नाहीं. राख आंतील उष्णता बाहेर पडूं देत नाहीं व हवाही बेताचीच आंत सोडते. त्यामुळें निखारा मंदपणें जळत दिवसभर, क्वचित् त्याहूनही अधिक काळ जिवंत राहतो. आपल्या आज्यापणज्यांस हें शास्त्र पुस्तकावांचून ठाऊक होतें. रात्रीं चुलींतला विस्तव त्या राखेंत पुरून ठेवीत आणि पहाटे फुंकून त्याच्यावरच चूल पेटवीत. जी युक्ति स्वयंपाकघरांत आगकाडी वांचवीत असे, तीच होळीच्या खड्ड्यांत मुलांचे पाय भाजते.

धुळवडीस होळीवर दूधपाणी शिंपडून ती शांत करण्याची चाल आहे. ती अवश्य पाळावी. पण चार पळ्यांनीं अग्नीचा मान राहतो, विस्तव विझत नाहीं. होमाचेंही तेंच. मंत्रांनीं अग्नीचें विसर्जन झालें, तरी कुंडांतल्या गोवरीच्या निखाऱ्यास संस्कृत कळत नाहीं!

पाणी थोडें थोडें घालावें. एकदम ओतल्यास वाफ व तप्त राख तोंडावर येते आणि तापलेली फरशी तडकते. लांब दांड्याच्या फावड्यानें राख उलथावी, पुन्हां पाणी घालावें. वाफ व चर्र असा आवाज दोन्ही थांबेपर्यंत हें चालूं द्यावें. शेवटीं राखेस न टेकवितां हाताची पाठ वर धरून ऊब लागत नाहींशी खात्री करावी. मग ती राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलींत, उघड्यावर, दोन दिवस ठेवावी.

पेठांतील उरल्यासुरल्या वाड्यांनीं तर विशेष जपावें. सागवानी खांब आणि तुळया आगीस किती वेळ पुरतात, हें शनिवारवाड्यानें १८२८ सालीं दाखविलें. तो सात दिवस जळत होता. दगडी तट राहिला, लाकडी महाल गेले.

राख कचऱ्याच्या डब्यांत तर गरम असतां मुळींच टाकूं नये. २००८ पासून पुण्यांत 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे कचरावेचक घरोघरचा कचरा उचलीत आले आहेत. आपल्या घरचा निखारा प्रथम त्यांच्या हातास लागतो. निव्वळ लाकडाची गार राख बागेस चालते, कुंडीस चिमूटभर पुरे. रंग दिलेल्या फळ्यांची राख मात्र झाडांसही घालूं नये.