पाइपलाइनच्या पोटातून

मुंबई हायचं कच्चं तेल मेणाळ आहे. तीस अंश सेल्सिअसच्या आसपासच ते घट्ट होऊ लागतं आणि समुद्राच्या तळाचं पाणी त्याहून गार असतं. किनाऱ्यावरच्या उरणपर्यंतच्या वाटेत पाइपच्या भिंतीवर मेणाचा थर बसत जातो, वाट अरुंद होते, पंपांवरचा ताण वाढतो. समुद्राखालचा पाइप उघडून घासता येत नाही. त्यासाठी आतून एक यंत्र धाडतात. जगभरातले पाइपलाइनवाले त्याला पिग म्हणतात.

साधा पिग म्हणजे पोलादी दांडा, त्यावर पॉलियुरेथेनच्या वाट्या आणि चकत्या, शिवाय तारेचे ब्रश. त्याला इंजिन नसतं. वाट्या पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठ्या, म्हणून त्या घट्ट बसतात आणि मागून येणारं तेलच त्याला पुढे रेटतं. वेग साधारण चालत्या माणसाएवढा. पिगमध्ये मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून थोडं तेल पुढे उसळतं आणि खरवडलेला मळ ढवळत ठेवतं. हे भोक मला या यंत्रातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. ते नसेल तर मळाचा ढीग साचून पिग वाटेतच अडकू शकतो.

खरी जोखीम दोन टोकांना असते. तिथे लाँचर आणि रिसीव्हर ही जाड नळकांडी असतात. रिसीव्हरचं दार उघडण्याआधी आतला दाब शून्यावर आणावा लागतो. तो राहिला तर पिग तोफेच्या गोळ्यासारखा बाहेर येतो. मळात लोहाचं सल्फाइड असेल तर कोरडं होताच ते हवेत आपोआप पेटतं, म्हणून ते आधी भिजवतात. ही कामं करणाऱ्या माणसांच्या शिस्तीबद्दल फार कमी लिहिलं जातं.

मळ काढला की दुसरा पिग जातो, तपासणीचा. तो पोलादात चुंबकीय क्षेत्र सोडतो. भिंत जिथे झिजलेली, तिथे ते क्षेत्र बाहेर झिरपतं आणि त्याची नोंद होते. इंडियन ऑइलसाठी असं उपकरण तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच घडवलं. पण भिंत मळलेली असेल तर संवेदक तिच्यापासून दूर राहतात आणि मोजमाप फसतं. सफाई टाळली की तपासणीही हुकते.

अलास्कातल्या प्रुडो बे इथे हेच घडलं. तेलक्षेत्र उतरणीला लागलं होतं. 34 इंची पाइपमधून तेल संथ वाहू लागलं, पाणी आणि गाळ तळाशी बसला, त्याआड गंज वाढला. पश्चिमेकडच्या वाहिनीत 1998 नंतर सफाईचा पिग गेलाच नव्हता. मार्च 2006 मध्ये बोटाचं पेरही जाणार नाही अशा भोकातून सुमारे दहा लाख लिटर तेल टुंड्रावर सांडलं. गळती कळली ती एका कामगाराला आलेल्या वासावरून. पुढच्या वर्षी हे क्षेत्र चालवणाऱ्या बीपीच्या स्थानिक कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दोन कोटी डॉलर भरले. गाळ काढण्याचा खर्च याच्या पासंगालाही पुरला नसता, म्हणूनच ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

नंतर तिथे सुमारे 25 किलोमीटरच्या वाहिन्या नव्याने टाकल्या. त्या कमी व्यासाच्या आहेत, म्हणजे तेलाचा वेग टिकतो, आणि त्यांना पिग सोडण्याची व पकडण्याची सोय सुरुवातीपासूनच केलेली आहे.