जीप का कुरकुरत होती?



शिवणयंत्र एखाद्या दिवशी खडखडू लागते, पंखा कटकट करतो, सायकल उगाचच कुरकुरते. आपण काय करतो? चार थेंब तेल सोडतो, एक थाप मारतो आणि आवाज थांबला नाही तर त्याची सवय करून घेतो. पण जरा विचार करा. यंत्रातला आवाज ही कोणाची तरी तक्रार असते. ती नेमकी कोणाची, हे यंत्र न उघडता ओळखता येईल का? येईल. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. कान, खडू आणि मोजण्याची चिकाटी एवढ्यावर काम भागते. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर हे कसे घडले, ते आज तुम्हांला सांगतो.

२०१९ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील आपली जुनी जीप घेऊन आले. त्यांचे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात. पावसाळ्यात तिथला रस्ता चिखलाने भरून जातो आणि साध्या गाड्या जागीच रुततात. या जीपमध्ये चारही चाकांना इंजिनाचा जोर देण्याची सोय असल्यामुळे ती तेवढी निघते. रात्रीअपरात्री वाडीवरचा आजारी माणूस तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवायचा, तर सगळ्यांची मदार या एका गाडीवर.

"सर, दोन महिने झाले, गाडी खालनं कुई कुई करतीया," ते म्हणाले. "मिस्त्री म्हणतोय मागचं डिफरन्शियल खोलायला पाहिजे. तेवढा पैसा घालायचा, का गाडी विकूनच टाकायची, काय कळंना झालंय."

जून तोंडावर आला होता. गाडी विकली तर वाडीची सोय जाणार. तशीच चालवली आणि घाटात काही तुटले तर त्याहून वाईट. मी म्हटले, "दोन दिवस गाडी इथे ठेवा. आधी आवाज कोणाचा ते शोधू."

संशयित कोण कोण?

चोर पकडायचा तर आधी घरात कोण कोण आहे ते माहीत हवे. इंजिनाची फिरकी क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. चार चाकी जोराच्या गाडीत त्याच्या पुढे आणखी एक पेटी असते, ती ट्रान्सफर केस. तिच्यातून दोन लांब दांडे निघतात. एक मागच्या आसाकडे जातो, दुसरा पुढच्या आसाकडे. हे प्रोपेलर शाफ्ट. प्रत्येक शाफ्टच्या टोकाशी, आसाच्या मधोमध डिफरन्शियल असते. तिथे शाफ्टबरोबर फिरणारे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला फिरवते आणि क्राउनमुळे गाडीची चाके फिरतात.

रस्त्यात खड्डा आला की आस खाली-वर होतो. मग त्याला जोडलेला शाफ्ट मोडत कसा नाही? त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. अधिक चिन्हासारख्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो, त्याला गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग. यामुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. या सांध्याला इटलीतील कार्डानो (१५०१-१५७६) आणि इंग्लंडमधील रॉबर्ट हूक (१६३५-१७०३) या दोघांचीही नावे दिली जातात. होय, स्प्रिंगच्या नियमामुळे तुमच्या ओळखीचा झालेला तोच हूक!

म्हणजे संशयित झाले बरेच: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन शाफ्ट, चार क्रॉस, दोन डिफरन्शियल आणि चार चाके. एकेक भाग बदलत बसलो असतो तर जीपच्या किमतीएवढा खर्च झाला असता.

निम्मे संशयित दोन मिनिटांत सुटले

पहिला प्रयोग अगदी सोपा. जीप जागेवर उभी ठेवून इंजिन जोरात फिरवले. कुई कुई नाही. दुसरा प्रयोग: मैदानाच्या सपाट भागावर इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सहा विद्यार्थ्यांनी जीप ढकलली. इंजिन मुके, आणि तरीही जीप चालू लागताच आवाज आला, कुई... कुई... कुई! (हा प्रयोग सपाट मैदानावर आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करायचा. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.)

आवाज गाडीच्या वेगाबरोबर येतो, इंजिनाच्या वेगाबरोबर नाही. इंजिन आणि क्लच निर्दोष सुटले. उरलेला गुन्हेगार चाकांबरोबर फिरणाऱ्या भागांतच होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. रस्त्यावर जाताना हा आवाज एकसलग किरकिरीसारखा ऐकू येई. ढकलताना मात्र एकेक 'कुई' सुटी ऐकू येत होती. असे का? एका सेकंदात वीसएक वेळा किंवा त्याहून अधिक होणारा आवाज आपल्या कानाला सुटा सुटा कळत नाही, तो सलग वाटतो. मिस्त्रीने गाडी वेगात पळवून कान दिला होता. आम्ही ती माणसाच्या चालीने नेली, म्हणून आम्हांला मोजता आले.

खडूची खूण

मागच्या टायरवर खडूने एक रेघ ओढली. ती जमिनीला टेकली तिथे जमिनीवर खूण केली आणि चाकाचा एक फेरा होऊन ती पुन्हा टेकली तिथे दुसरी. दोन खुणांमधले अंतर भरले २.२५ मीटर. मग गाडीच्या जुन्या माहितीपुस्तिकेत दात्यांची संख्या पाहिली. पिनियनला ८ दाते, क्राउनला ४३. म्हणजे चाकाचे ८ फेरे होतात तेव्हा शाफ्टचे बरोबर ४३ फेरे होतात.

आता काय गंमत आहे पाहा. गाडी चाकाचे ८ फेरे, म्हणजे १८ मीटर सरळ ढकलायची आणि 'कुई' मोजायच्या. त्या ८ भरल्या तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात, म्हणजे चाकाचे बेअरिंग, ब्रेकचा ड्रम किंवा क्राउनचा एखादा दाता. ४३ भरल्या तर दोष शाफ्टबरोबर फिरणाऱ्या भागात. आणि पिनियन-क्राउनचे सगळेच दाते घासत असतील तर प्रत्येक दात्याला एक, म्हणजे ८ × ४३ = ३४४ कुरकुरी! तेवढ्या मोजता येणार नाहीत, पण त्या ८ किंवा ४३ नाहीत एवढे तरी कळेलच.

तीन मुलांनी एकमेकांना न सांगता मोजले. दोघांचे उत्तर ४३ आले, एकाचे ४२. गणिताने बोट दाखवले: शाफ्ट!

३६ किलोमीटर वेगाने जाताना, म्हणजे सेकंदाला १० मीटर, हा शाफ्ट सेकंदाला सुमारे २४ फेरे घेतो. आता कळले ना, रस्त्यावर सलग किरकीर का ऐकू येत होती?

आणि मी चुकलो

शाफ्टबरोबर पिनियनही फिरते, म्हणून डिफरन्शियलचे तेल काढून पाहिले. त्यात धातूचे कण नव्हते आणि आवाज दाता आपटल्यासारखा 'टक' नव्हता, तर कोरडे काहीतरी घासल्यासारखा होता. तेव्हा क्रॉसवर संशय गेला. पण कोणत्या शाफ्टचा क्रॉस? मी विचार केला, रस्त्यावर ही जीप मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. सगळा भार मागच्या शाफ्टवर पडतो, तेव्हा झिजला असेल तर तोच. मिस्त्रीने मागचा शाफ्ट उतरवला, त्याचे दोन्ही क्रॉस बदलले, शाफ्ट पुन्हा चढवला. गाडी ढकलली.

कुई... कुई... कुई!

मुले माझ्याकडे पाहू लागली. माझे अनुमान चुकले होते आणि त्याहून मोठी चूक पुढेच होती. मागचा शाफ्ट सुटा असतानाच जीप ढकलून पाहिली असती, तर त्याच वेळी सत्य कळले असते. पण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे वाटले की माणूस प्रयोग करायचे विसरतो. माझे तेच झाले.

मी एक गोष्ट नजरेआड केली होती. या जुन्या जीपमध्ये पुढची चाके त्यांच्या आसाशी कायमची जोडलेली आहेत. इंजिनाचा जोर पुढे जात नसला, तरी रस्त्यावर फिरणारी पुढची चाके पुढच्या शाफ्टला फुकट फिरवतच असतात. दोन्ही शाफ्ट सारखेच फिरतात. ४३ हे उत्तर दोघांनाही लागू होते!

वर्तुळाने दिला निकाल

आता पुढचा शाफ्ट काढून पाहणे हा सरळ मार्ग होता. पण एकदा अंदाजावर बोल्ट खोलून झाले होते. या वेळी आधी पुरावा आणि मग पाना, असे आम्ही ठरवले. तेवढ्यात जीपवाल्यांचा मुलगा म्हणाला, "सर, गाडी वळताना पुढची चाके जास्त अंतर जातात ना?"

शाबास! उत्तर त्या प्रश्नातच होते. बैलगाडी वळताना तुम्ही पाहिली असेल. बैल मोठे वर्तुळ घेतात आणि चाके आतून लहान वर्तुळ घेतात. जीपचेही तसेच होते. आम्ही स्टिअरिंग पूर्ण वळवून जीप गोल ढकलली आणि धुळीत उमटलेल्या चाकोऱ्या मोजल्या. पुढच्या आसाच्या मध्याच्या वर्तुळाची त्रिज्या आली ५ मीटर. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर २ मीटर. आता वर्तुळाचा मध्य, मागच्या आसाचा मध्य आणि पुढच्या आसाचा मध्य जोडा. झाला काटकोन त्रिकोण! कर्ण ५, एक बाजू २. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार दुसरी बाजू २१ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.५८ मीटर. ही मागच्या आसाच्या वर्तुळाची त्रिज्या.

एका पूर्ण वर्तुळात पुढचा आस ३१.४ मीटर जातो, मागचा २८.८ मीटर. वळताना आतले आणि बाहेरचे चाक कमीजास्त फिरते, पण डिफरन्शियलमधला क्राउन नेहमी त्या दोघांची सरासरी घेतो. म्हणून हिशेब आसाच्या मध्यावरून करता येतो. पुढच्या शाफ्टचे फेरे होतात ७५ आणि मागच्या शाफ्टचे ६९. सहा फेऱ्यांचा फरक!

मुलांनी पुन्हा घाम गाळला. जीप सावकाश एक वर्तुळ फिरली. तिघांनी मोजले: ७५, ७४, ७५.

आता शंकेला जागाच नव्हती. मिस्त्रीने पुढचा शाफ्ट उतरवला. काढण्यापूर्वी त्याने दोन्ही भागांवर छिन्नीने खूण केली, आणि तेही महत्त्वाचे आहे. वाकड्या कोनात चालणारा एक सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक सुमारे दीड टक्का वर-खाली असतो. दुसरा सांधा योग्य दिशेला बसवला, तरच तो पहिल्याचा हा दोष पुसतो. खूण न करता शाफ्टचे भाग भलत्याच दिशेला जोडले, तर एक आवाज जाऊन दुसरी थरथर मागे लागते.

मग मिस्त्रीने दोन्ही सांधे हाताने हलवून पाहिले. ट्रान्सफर केसकडचा सांधा एका दिशेने अडखळत होता. टोपी काढताच तांबूस भुकटी खाली पडली. ग्रीस केव्हाच सुकले होते आणि सुईसारखे रूळ गंजून गेले होते. हे रूळ पूर्ण फिरत नाहीत, शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात थोडे पुढे जाऊन मागे येतात. त्या येण्याजाण्यात एका ठरावीक जागी कोरडे लोखंड लोखंडावर घासे आणि एक 'कुई' निघे. म्हणूनच एका फेऱ्याला एक. ज्या शाफ्टवर भार नव्हता, त्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते, ग्रीसही घातले नव्हते. तो झिजला होता कामाने नव्हे, दुर्लक्षाने.

मिस्त्री काही वेळ ती टोपी बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "हे अजून महिनाभर चाललं असतं तर तुटलं असतं. फुडनं शाफ्ट लोंबला असता आन्‌ बडवलं असतं खालनं सगळं." नवा क्रॉस बसला, ग्रीस भरले आणि जीप मुकाट्याने मैदानाला फेरी मारून आली. मागच्या डिफरन्शियलचा एक बोल्टही सोडावा लागला नाही. जूनच्या पहिल्या पावसात ती आपल्या वाडीवर होती.

तुम्हीही करून पाहा

जीप प्रत्येकाकडे नसते, पण सायकल बहुतेकांकडे असते. ती कुरकुरत असेल तर स्टँडवर लावा आणि पायडल हाताने सावकाश फिरवा. (बोटे साखळीपासून आणि आऱ्यांपासून लांब!) आवाज पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो का? मग दोष पायडलात किंवा त्याच्या आसात शोधा. मागच्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येतो का? मग चाक तपासा. दोन्हीशी जुळत नसेल तर साखळीच्या कड्या मोजा. समजा, पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आहेत आणि साखळीत ११० कड्या आहेत. साखळीचा एक फेरा पायडलच्या अडीच फेऱ्यांत पुरा होईल. आवाज दर अडीच फेऱ्यांनी येत असेल, तर साखळीतली एखादी कडी आखडलेली आहे. आपल्या सायकलचे आकडे मोजून हा हिशेब वहीत मांडा.

आणि उत्तर हाती आले असे वाटले, की एक गोष्ट अवश्य करा. पाना उचलण्यापूर्वी आणखी एकदा मोजा. मी ते केले नाही, म्हणून दोन चांगले क्रॉस उगाच बदलले गेले. ते आजही माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवले आहेत.