गुलाबी पाण्याचं गुपित

जून २०२० मध्ये आमच्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. शाळा तेव्हा बंद होत्या. तरी मोबाईलवरून फोटो घरोघरी पोचले. रंग सगळ्यांनी पाहिला, पण तो आला कुठून, हे फोटो कसा सांगणार?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याचा नमुना काही दिवस न हलवता ठेवला. गुलाबी साका तळाशी बसला आणि वर नितळ पाणी! रंग होता खारट पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ नावाच्या सूक्ष्मजीवांचा. पाणी आटून खारटपणा वाढला, तसे तेही वाढले.

मोबाईलवर चित्र क्षणात येतं, ‘का?’चं उत्तर शोधायला मात्र धीर लागतो. पावसाचं गढूळ पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून पाहा बरं! सकाळी काय दिसलं, ते आधी वहीत लिहा. मोबाईल मग उघडा.