'गॅस कमी झालाय' म्हणजे नेमके काय?

उन्हाळा सुरू झाला की मिठाईच्या दुकानातील काउंटर, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर किंवा मासळीची कोल्ड रूम यांपैकी काही ना काही 'गार करेनासे' होते. मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि 'गॅस कमी झालाय' असे निदान करतो. सिलिंडर जोडला जातो, तासाभरात यंत्र गारवा देऊ लागते आणि दुकानदार निश्चिंत होतो. महिना-दीड महिन्याने मात्र तीच तक्रार पुन्हा उद्भवते. या चक्राचे मूळ एका गैरसमजात आहे. शीतयंत्रातील गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. बंदिस्त नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

या वायूला तांत्रिक परिभाषेत प्रशीतक म्हणतात. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. कंडेन्सरमध्ये ही उष्णता बाहेर टाकून तो द्रवरूप होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि कोल्ड रूममधील कॉइलमध्ये तो उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतील हवेतून आणि मालातून शोषून घेतो. कोल्ड रूममध्ये प्रदीर्घ काळ वापरात असलेला आर-४०४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. त्वचेवर किंवा डोळ्यांत उडाल्यास तो भाजल्यासारखी इजा करतो. हाच गॅस ४० अंश तापमानाच्या खोलीत सिलिंडरमध्ये असेल, तर त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे अठरा पट असतो. त्यामुळे गॅस भरणे हे केवळ नळी जोडण्याचे काम नव्हे.

आधी गळती, मग गॅस

दुरुस्तीची पहिली पायरी दाबाच्या चाचणीची. त्यासाठी कोरडा नायट्रोजन वापरतात. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दीडशे पटींच्या घरात असतो. म्हणून रेग्युलेटर लावल्याखेरीज तो यंत्राला जोडू नये आणि यंत्रावरील पाटीत दिलेली दाबाची मर्यादा ओलांडू नये. नायट्रोजन हाताशी नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरणे तर जिवावर बेतू शकते. कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दाब चढवल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून गळती शोधतात. सापडलेला सांधा जोडण्यापूर्वी यंत्रातील गॅस हवेत न सोडता वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा लागतो. गॅस शिल्लक असताना ज्योत लावली, तर त्यापासून विषारी वायू तयार होतात. शिवाय बहुतेक प्रशीतके हवेपेक्षा जड असतात. बंद, खोलगट जागेत ती तळाशी साचतात आणि माणसाला प्राणवायू कमी पडतो. काम करताना दारे-खिडक्या उघड्या ठेवायच्या, त्या यासाठीच.

निर्वात कशासाठी?

दुसरी पायरी घाईत सर्रास टाळली जाते. नळ्यांमध्ये शिरलेली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने बाहेर काढावा लागतो. हवा द्रवरूप होत नाही. ती कंडेन्सरमध्ये अडून राहते आणि दाब वाढवते. ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतो किंवा तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करतो आणि कालांतराने कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळते. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. तो नळ्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ५०० मायक्रॉनपर्यंत उतरवणे अपेक्षित असते. त्यानंतर पंप बंद करून काटा पाहायचा. दाब थोडा चढून थांबला, तर ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला, तर गळती अजून आहे. पंपाऐवजी यंत्राचाच कॉम्प्रेसर चालवून हवा ओढण्याची पद्धत मात्र त्या कॉम्प्रेसरच्याच मुळावर येते.

वजन करूनच भरा

गॅस किती भरायचा, हे यंत्राच्या पाटीवर लिहिलेले असते. तो अंदाजाने नव्हे, तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायचा असतो. आर-४०४ए हे तीन वायूंचे मिश्रण आहे. सिलिंडरमधून बाष्परूपात घेतल्यास त्याचे प्रमाण बिघडते, म्हणून ते द्रवरूपात घ्यावे लागते. मात्र हा द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाता कामा नये. बाष्प दाबले जाते, द्रव दाबला जात नाही. कॉम्प्रेसरच्या झडपा त्यामुळेच तुटतात. म्हणून मोठा हिस्सा यंत्र बंद असताना द्रवाच्या बाजूने आणि उरलेला यंत्र चालू झाल्यावर सक्शनच्या बाजूने थोडा थोडा सोडतात. गॅस लवकर उतरावा म्हणून सिलिंडरला ज्योत दाखवणे निव्वळ आत्मघातकी. कोमट पाणी पुरते.

आर-२९० म्हणजे प्रोपेन. तो ज्वालाग्राही आहे आणि त्यासाठीच बनवलेल्या यंत्रातच वापरायचा असतो. 'स्वस्त पडतो' म्हणून तो जुन्या यंत्रात भरणे म्हणजे दुकानात आगीला निमंत्रण.

सुरू करताना

मोठ्या कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल गरम ठेवणारा हीटर असतो. बराच काळ बंद असलेले यंत्र सुरू करण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेला वेळ, बहुधा बारा ते चोवीस तास, तो चालू ठेवतात. अन्यथा तेलात मुरलेला द्रव सुरुवातीलाच उसळून तेल वाहून नेतो. डिस्चार्ज व्हॉल्व्ह उघडा आहे, कंडेन्सरचा पंखा फिरतो आहे आणि जास्त दाबाला यंत्र बंद करणारा स्विच काम करतो आहे, याची खात्री करूनच बटण दाबावे. हा स्विच वारंवार यंत्र बंद करतो म्हणून त्याची वायर परस्पर जोडून टाकण्याइतकी धोक्याची दुसरी गोष्ट नाही. यंत्र चालू झाल्यावर दोन्ही बाजूंचे दाब, विजेचा प्रवाह आणि तेलाची पातळी तपासायची. माल भरायचा तो खोली अपेक्षित तापमानाला आल्यावरच.

गळतीची किंमत केवळ दुकानदार मोजत नाही. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केल्यास हवेत सुटलेला एक किलो आर-४०४ए सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचा करार २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे झाला. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली.

तेव्हा पुढच्या वेळी 'गॅस कमी झालाय' हे वाक्य कानी पडले, तर चार प्रश्न जरूर विचारावेत. गळती कुठे सापडली? नायट्रोजनचा दाब किती वेळ टिकला? व्हॅक्यूम किती उतरला? आणि किती ग्रॅम गॅस भरला? बिलावर ही चार उत्तरे लिहून मागावीत. जाणत्या मेकॅनिकला त्यात काहीच गैर वाटणार नाही.