सर्व्हेचे कागद कुठे जातात?

ट्रेनच्या गर्दीत ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी घेतलेले आवंढे आणि 'म्हणजे बघा'वाले सगळे काढून टाकलेत. बहुतेक.

आजचा विषय: कॉलेजातल्या मुलांचे गट गावात किंवा वस्तीत जाऊन काम करतात, त्यातून शिकतात. विद्यापीठाने त्याची दखल कशी घ्यायची? परिपत्रकासारखं वाटतंय ना? थांबा, आधी एक प्रसंग सांगतो.

सेकंड इयरला मी एनएसएसच्या हिवाळी शिबिराला गेलो होतो. कॉलेज आणि गाव, दोन्हींची नावं सांगत नाही. माझ्याकडे पाण्याचा सर्व्हे होता. एका ओट्यावर आजी तूर पाखडत बसल्या होत्या. मी फॉर्म काढून विचारलं, "आजी, उन्हाळ्यात पाणी किती लांबून आणता?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आरं पोरा, मागल्या साली बी पोरांनी ह्येच लिवून नेलं की. त्या कागदाचं काय झालं?"

मला काही बोलताच आलं नाही. परत आल्यावर कागद शोधले. सापडले! एनएसएसच्या कपाटात, घमेली आणि जुन्या बॅनरखाली. आणि माझ्या डायरीत १२० तास पूर्ण झाल्याची सही व्यवस्थित झाली होती.

आता हे १२० तास कुठून आले? राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये. नियम सोपा: वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. एका युनिटमध्ये साधारण १०० मुलं धरा. झाले वर्षाला १२,००० तास. एका माणसाने रोज आठ तास, वर्षातले ३०० दिवस काम केलं तर एवढे तास भरायला त्याला पाच वर्षं लागतील. एवढी ताकद एका कॉलेजकडे असते, आणि आपण मोजतो काय, तर तास.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे चित्र थोडं बदललंय. आपल्या राज्यात पदवीच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजे सीईपी, आलाय. यूजीसीच्या रचनेत अशा कामाचं एक क्रेडिट म्हणजे १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ३० तास. दोन क्रेडिट असतील तर ६० तास. हे मला मनापासून आवडलंय. संध्याकाळी पार्ट-टाइम काम करणाऱ्या मुलाला 'समाजसेवा कर' म्हणणं सोपं असतं. त्याच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा करून देणं वेगळं.

पण क्रेडिट जमा होतं एकेका मुलाच्या खात्यात. सेमिस्टर संपलं, मार्क लागले, मुलं पांगली. गाव मात्र तिथेच. पुढच्या वर्षी नवी बॅच, नवा फॉर्म, तोच प्रश्न.

आमच्या नोकरीत कुणी टीम सोडली की हँडओव्हर करावा लागतो. कोड कुठे आहे, काय अर्धवट आहे, काय करून बघितलं आणि फसलं, सगळं लिहून द्यायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते नसेल तर नवा माणूस पहिले दोन महिने जुन्याच चुका करत बसतो. मला वाटतं, मान्यता गटाला द्यायची ती याच कारणासाठी: माणसं बदलली तरी गटाची आठवण टिकते. एकच गाव काही वर्षं धरायचं, आणि आधीच्या बॅचचा अहवाल वाचल्याशिवाय नवा सर्व्हे सुरूच करायचा नाही.

हे जमतं का? आयआयटी मुंबईत 'सितारा' नावाचं केंद्र १९८५ पासून आहे, ग्रामीण भागाला उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानासाठी. तिथे गावात जाऊन केलेलं काम हा अभ्यासाचाच भाग असतो. मुलं येतात-जातात, केंद्र राहतं. अर्थात तिथे त्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापक आहेत. साध्या कॉलेजात कार्यक्रम अधिकारी म्हणजे लेक्चर आणि पेपर तपासणी सांभाळून हे सगळं ओढणारे एक सर किंवा मॅडम. त्यांच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म टाकून उपयोग नाही. मान्यता द्यायची तर त्यांचे तासही मोजा.

आणि सही कुणाची? आत्ता सगळ्या सह्या कॉलेजातल्या. माझी सूचना: अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायचा. शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात आणि २६ जानेवारीला ग्रामसभा असतेच. 'मोहीम यशस्वी झाली' हे वाक्य गावासमोर मोठ्याने वाचताना जीभ अडखळते, करून बघा. हीसुद्धा फॉर्मॅलिटी होऊ शकते, मान्य. पण तिथे कुणीतरी आजी उठून विचारू शकते, एवढा फरक आहे.

आमचं पुढे काय झालं? थर्ड इयरला मी आणि माझ्या रूममेटने दोन्ही वर्षांचे कागद एका स्प्रेडशीटमध्ये भरले. तीन रात्री गेल्या, कारण अर्ध्या फॉर्मवरचं अक्षर लागत नव्हतं. त्यात दिसलं की एका वाडीचा हातपंप दोन्ही वर्षी मार्चमध्येच आटला होता, बाकीचे मेपर्यंत चालले. तो एक पानाचा तक्ता आम्ही ग्रामसेवकांना दिला. त्यांनी तो टँकरच्या मागणीच्या अर्जाला जोडला. त्या कामाचे तास मात्र आमच्या डायरीत धरले नाहीत, कारण ते 'शिबिराबाहेरचं' होतं.

तुमच्या कॉलेजात सीईपीचं काय चाललंय? आधीच्या बॅचचे कागद कुठे आहेत ते शोधा आणि व्हॉइस नोट पाठवा. कपाटाचा फोटो पाठवलात तरी चालेल.